टाकी दादूची, कार्बोरेटर भिकाजीचा

आमचं गाव राजापूर तालुक्यात, एवढंच सांगतो. नाव सांगणार नाही, विचारूही नका. सांगितलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही, आणि मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी.

भिकाजी घवाळी माझे शेजारी. मी त्यांना काका म्हणतो. सत्तरीच्या घरातला, काटक, तिरसट माणूस. गावात कुणाशी त्यांचं धड पटत नसे. बायकोशी, म्हणजे सखूकाकीशी, तर रोज सकाळी चहाच्या साखरेवरून वाद. पण त्यांच्याकडे एक जुना पेट्रोलचा ट्रक होता, लष्कराच्या लिलावातून घेतलेला, आणि त्या ट्रकपुढे हा माणूस मऊ व्हायचा. सगळं जग डिझेलवर गेलं तरी हे आपले कार्बोरेटर उघडून बसलेले. "पेट्रोल पिते ती, घासलेट नाय," असं आम्हाला ऐकवायचे. डिझेलला ते घासलेटच म्हणत.

तो ट्रक गावच्या आंब्यांचा. म्हणजे मालकी काकांची, पण हंगामात बागांमधल्या पेट्या वर सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या डांबरी रस्त्याला पोचवायच्या त्या त्यानंच. मधे देवळाची घाटी आहे, खडी चढण, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, नुसते चिरे रचून केलेली कुंपणं. काकांचा ट्रक चालू असताना गावातला कुठलाही बागायतदार दुसऱ्या गाडीला हाक मारत नसे. तसा नियम नव्हता, पण शिरस्ता होता.

आणि ट्रकबरोबर दादू गुरव. हा आमच्या देवीचा पुजारी आणि जवळजवळ तीस वर्षं काकांचा क्लीनर. सकाळी देवीची पूजा उरकायची, कपाळावर गंध तसंच, आणि येऊन ट्रकच्या बोनेटमध्ये डोकं घालायचं. दोघांनी कामं वाटून घेतलेली. टाकी दादूची, कार्बोरेटर भिकाजीचा. पेट्रोल भरणं, गाळणं, टाकी धुणं यात काका कधी पडत नसत. दादू पेट्रोल गाळायचा तोसुद्धा खणातून. देवीच्या ओटीत आलेले खण गुरवाकडे जातात, दुसऱ्या कुणी ते घरात ठेवत नाही. त्यातला जुना, विरलेला, मऊ खण नरसाळ्यात धरून तो पेट्रोल ओतायचा. काका चिडवायचे, "देवीचा हात लागल्याबिगर हिला घास जात नाय." मीही तेव्हा त्याला दादूकाका म्हणत असे. आता म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, ट्रक आजारी पडला. सपाटीवर गाडी छान चालायची. उभी असताना इंजिनाचा आवाज असा संथ, की वर ठेवलेल्या कपातला चहा हलू नये. पण भरल्या गाडीनं घाटी चढायला घेतली, की देवळाच्या खाली आल्यावर खोकायला लागायची. फट, फट, एक झटका, मग दम तुटायचा आणि बंद. विडी ओढून होईपर्यंत थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

काकांनी आधी प्लग काढले. मग पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. चालत्या इंजिनावर साबणाचं पाणी टाकून कुठून हवा ओढतेय का ते पाहिलं. काहीच नाही. मग एकदा घाटीत गाडी खोकायला लागली तसा त्यांनी चोक ओढला, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवलं, तर ती दहा पावलं आणखी चढली. खाली उतरून मला म्हणाले, "पेट्रोल कमी पडताय हिला. आग बरोबर आहे, घास पोचत नाय."

म्हणजे रोग त्यांना पहिल्या आठवड्यातच कळला होता, हे मला आज आठवलं की डोकं फिरतं.

कार्बोरेटर उतरला. अंगणात पोतं अंथरून जेट एकेक करून फुंकले, उजेडाला धरून भोकातून पाहिले. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकलं. पंपाचा पडदा नवा घातला. पेट्रोलमधला गाळ साठायची काचेची वाटी धुतली. हे सगळं चालू असताना दादू समोर उकिडवा बसलेला. पाना दे म्हटलं की पाना, चिंधी दे म्हटलं की चिंधी. मधूनच सुचवायचा, "गॅस्केट बघूया काय?" शेवटी काकांनी नळी सोडवली आणि टाकीच्या दिशेनं जोरात फुंकली. आत बुडबुडे वाजले, पेट्रोल धो धो आलं.

"नळी साफ आहे," काका म्हणाले. "टाकीत काय कचरा?"

"हंगामाच्या आधी मीच धुतलंय ना," दादू म्हणाला. "आरशासारखी आहे."

विषय संपला. दादूनं टाकी धुतली म्हणजे धुतली. काकांनी झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्याच खेपेला गाडी घाटीत बंद पडली ती मागे सरकली. हँडब्रेक धरेना. मागे पेट्यांवर बसलेले गडी उड्या टाकून बाजूला झाले, दोघांनी गडग्याचे चिरे काढून चाकाखाली टाकले म्हणून निभावलं. कुणाला लागलं नाही, पण गाव घाबरलं. आणि गाव घाबरलं की काय बोलतं ते ठरलेलं. गाडी नेमकी देवळाखालीच का बंद पडते? देवीच्या मनात काही आहे. कौल लावा.

कौल आमच्याकडे अजून लावतात. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजव्या अंगाची पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. लावणार अर्थात गुरव. काका तसे देवभोळे नव्हते, पण कौलाचा शब्द त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. विहीर कुठं खणायची, मुलाला मुंबईला पाठवायचं की नाही, सगळं तिथं विचारून केलेलं.

दादूनं हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज चांगला आहे, ते कबूल करायलाच हवं. "आई, हा तुझा लेकरू भिकाजी तुझ्या पायाशी आला आहे. तुझ्या वाटेवरनं त्याची गाडी चालावी अशी तुझी इच्छा असेल तर उजवा दे. त्याच्या जिवाला काय धोका असेल तर डावा देऊन त्याला सावध कर." आम्ही सगळे मागून "व्हय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणालो.

डावी पाकळी पडली.

काकांनी नारळ ठेवला, आणि पाषाणासमोर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाडी आता या वाटेवर चालवणार नाय." आमच्या गावाला तर ती एकच वाट. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. सखूकाकीनं साखरेवरून वाद घालून पाहिला, तर गुपचूप फिका चहा प्यायले. त्याच आठवड्यात दादूच्या मुलानं, गौरवनं, नवीकोरी डिझेलची पिकअप आणली. बागायतदारांना गाडी हवीच होती. सगळे म्हणाले, बरं झालं, घरचीच गाडी मिळाली. काकाही म्हणाले, "पोराचा कल्याण झाला." मनापासून म्हणाले, मी समोर होतो.

पावसाळ्याआधी त्यांनी ट्रक भंगारात द्यायचं ठरवलं. चालवायची नाही तर दारात कुजताना कशाला बघू, म्हणाले. भंगारवाल्यानं बजावलं होतं, गॅसकटर लावायचा तर टाकी आधी उतरवून धुऊन ठेवा, नाहीतर भडका उडेल. दादू त्या दिवशी गौरवच्या पिकअपवर होता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काकांनी टाकी स्वतः उतरवली. मी हाताखाली होतो.

पेट्रोल काढून टाकी उलटी केली आणि हलवली, तर आत काहीतरी ठकठकलं. काकांनी तारेचा आकडा आत घातला. बाहेर आली हिरव्या कापडाची पट्टी, लाल काठाची. खण. मी म्हणालो, "गाळताना निसटला असेल." काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते हसले. मग त्यांनी पट्टीचं दुसरं टोक ओढलं. त्यात एक नट गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. कापड नळीच्या तोंडापासून फार लांब जाऊ नये म्हणून.

चढावर इंजिनानं जोरात पेट्रोल ओढलं की पट्टी जाऊन नळीच्या तोंडाला चिकटायची. इंजिन बंद पडलं की आपोआप सुटायची. नळी उलटी फुंकली तर पट्टी अर्थातच दूर जायची. काकांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही, पण त्यांनी सांगितलं. हळूहळू, एकेक पायरी, आवाज न चढवता. बहुतेक स्वतःलाच सांगत होते.

"गाठ कुणाची आहे?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न.

"खण कुणाकडे असतो?" ते म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले.

माझं रक्त उकळत होतं. आता जातो, पिकअप आडवी घालतो, गाव गोळा करतो, असलं बरंच काही मी बोललो. टाकी बसवा, गाडी सुरू करा, तुमचं काय चुकलंय? काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"गाडी चालवायची तर कौल खोटा म्हणायला होवा," ते म्हणाले.

"खोटाच आहे!"

"मग तुझ्या लग्नाचा कौल कोणी लावलान, अजिंक्या?"

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"बाबल्याच्या नि त्याच्या भावाच्या जमिनीचा? गोदीच्या पोरीचा? आर्धी वाडी दादूच्या कौलावर उभी आहे. एक खोटा म्हटला तर बाकीच्यांनी झोपायचं कसा?" मग म्हणाले, "गाडी मागितलान असता तर दिली असती रे मी. तोंडानं मागायचा होता. देवीच्या तोंडानं कशाला?" आणि तिथंच ओटीवर बसून हा तिरसट माणूस रडला. सखूकाकी आतून आली, काय झालं विचारत राहिली, तिला आम्ही पेट्रोल डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

ट्रक गेला. कापताना दादू आला होता, जुन्या गाडीला निरोप द्यायला म्हणे. काकांनी तो खण धुऊन, घडी घालून ठेवलेला. त्याच्या हातावर ठेवला नि म्हणाले, "देवीचा आहे. देवळात ने." नट त्यांनी काढला नव्हता. दादूनं घडीतली गाठ चाचपली आणि त्याचा चेहरा उतरला. कौलाला एवढं बोलणारा माणूस, पण खण छातीशी धरून तो खाली मान घालून गेला. त्यानंतर दोघांमध्ये रामराम चालू आहे, गावाला काही कळलेलं नाही. दोघं म्हातारे झाले, गाडी गेली, येणं-जाणं कमी झालं, एवढंच लोक समजतात.

यंदा माघात काकांच्या नातीचं, मनस्वीचं, लग्न ठरत आलं. ती मुंबईला वाढलेली, पण सुनेच्या माहेरच्यांचा आग्रह, गावच्या देवीला विचारूनच पुढे जाऊ. मला वाटलं काका काहीतरी निमित्त काढतील. काढलं नाही. गावात गुरव एकच. ते आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, सगळ्यांबरोबर हात जोडून उभे राहिले. दादूनं गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज मधे एकदा अडकला, पण घातलं.

उजवी पाकळी पडली. बायकांनी एकमेकींच्या हातावर साखर ठेवली, सखूकाकीनं पदरानं डोळे पुसले, मुलगा आणि सून पाषाणाला डोकं टेकायला वाकले. काका मात्र तिथंच उभे होते, हात जोडलेले, खाली पडलेल्या त्या पाकळीकडे बघत. मी जवळ गेलो तसे माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाले,

"खरा असेल काय रे?"