गिटारच्या पोटातली सुपारी

आमच्या बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या दत्ताच्या देवळात गुरुवारच्या आरतीनंतर कुणी ना कुणी आपला अनुभव सांगतं. मी इतकी वर्षं मागच्या भिंतीला टेकून ऐकत आले, स्वतः कधी तोंड उघडलं नाही. एक तर मी शाळेतली बाई, पुराव्याशिवाय काही खरं मानायची सवय नाही. दुसरं म्हणजे माझा अनुभव सांगायला गेलं तर त्यात भक्तीपेक्षा चिडचिडच जास्त निघते. नैरोबीच्या त्या सगळ्या प्रवासात मी दत्तमहाराजांचं नाव घेतलं ते बहुतेक वेळा कपाळावर हात मारून. पण आई आता राहिली नाही, आणि या गोष्टीत तिचंच बरोबर होतं, माझं नव्हे, हे सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझा धाकटा भाऊ बाळ नैरोबीला रेल्वेत कारकून होता. लग्नानंतर वर्षभरातच बायकोला, सुमनला, घेऊन तो बोटीने तिकडे गेला. खाऱ्या हवेने लाकूड खराब होईल या भीतीने त्याची गिटार मात्र घरीच राहिली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. तिच्यावर तो दत्ताची आरती वाजवायचा. पहिल्यांदा लोक हसले, नंतर गुरुवारी त्याची वाट पाहायला लागले. सहा वर्षांनी, होळीच्या सुमारास, सुमनचं पत्र आलं. त्यांची चार वर्षांची मुलगी तापाने गेली होती. बाळ कामावर जात होता, येत होता, जेवत होता, पण बोलत नव्हता. दीड महिन्यात घरात एक वाक्य नाही. शेजाऱ्यांनी दुसरी गिटार आणून दिली, तिला त्याने हात लावला नाही. एकदाच फक्त कागदावर लिहून दाखवलं, माझी गिटार हवी. पत्राच्या शेवटी सुमनने लिहिलं होतं, ‘ताई, ती वाटेत मोडणार असेल तर आणूच नका. त्यांना आणखी काही मोडलेलं बघायला लावायचं नाही.’

ते वाचून मी देवळात गेले आणि महाराजांना सरळ विचारलं की त्या एवढ्याशा पोरीने तुमचं काय वाकडं केलं होतं. मी घरी येऊन रजेचा अर्ज लिहिला आणि तिथून वैतागाला सुरुवात झाली. तेव्हा राज्यं नव्याने जोडली जात होती. आमचं बऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात आलं होतं, आणि माझा कागद दोन्हीकडच्या टेबलांवरून फिरत होता. मी नेमकी कुणाची शिक्षिका हे ठरेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी निम्मी सरली. बोटीने जाण्यायेण्यातच महिना गेला असता. शेवटी सुमनने विमानाचं तिकीट पाठवलं. विमान मी तोवर फक्त आभाळात पाहिलेलं. वर कंपनीकडून उत्तर आलं की वाद्य जवळ घेऊन बसता येणार नाही, ते खाली सामानातच जाईल.

मग काय, गल्लीतल्या प्रत्येकाला गिटार बांधायचं ज्ञान झालं. सुताराने सागाची पेटी केली ती वीतभर लांब. का, तर म्हणे फळी उरली होती, कापायला जिवावर आलं. तुकईथडचे एक केळीवाले बागाईतदार, ज्यांच्या मुली माझ्या शाळेत होत्या, पोतंभर सुका केळीचा पाला घेऊन हजर झाले. “ताई, तुम्ही बिलकुल फिकर नका करू,” ते म्हणाले. “आपला घड याच पाल्यात दिल्लीपर्यंत जातो. एक डाग नाही पडत. विमान काय आणि वॅगन काय, एकच बात हे!” माझ्याही मनाने ते घेतलं. केळीपेक्षा नाजूक काय असतं, असं म्हणून मी स्वतः बसून पेटीत पाला दाबून दाबून भरला. फक्त सिंधीपुऱ्यातला पेटी-तबला दुरुस्त करणारा म्हातारा कारागीर वेगळं बोलला. तारा उतरवून न्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल, एवढंच त्याचं म्हणणं.

त्यावर आई आडवी आली. “त्या बाळनं लावलेल्या तारा हायेत. उतरवल तर तोच. दुसऱ्या कुनाचा हात नको.” मी म्हटलं, आई, काळ्या पडल्यात त्या. “पडू दे.” मी वाद घातला, मग सोडून दिला. खरं सांगायचं तर मलाही ते जड जात होतं. सहा वर्षं मी त्या गिटारची धूळ पुसत होते, पण खुंट्यांना फडकं लागू देत नव्हते. त्याने जाण्याच्या आदल्या दिवशी त्या पिळल्या होत्या.

निघायच्या दिवशी वेगळंच नाटक. मुहूर्त सकाळी सातचा आणि गाडी दुपारची. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. सुपारी, हळकुंड आणि चिमूटभर अक्षता फडक्यात बांधून मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायच्या, म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात, आणि खरंच निघताना ती पुरचुंडी सोबत घ्यायची. आईने प्रस्थान शेजारच्या मुळेकाकूंकडे ठेवलं. काकू ते कुठे ठेवलं तेच विसरल्या. टांगा दारात उभा, आणि मुळेकाकू डबे उघडून बघतायत! शेवटी पुरचुंडी मिठाच्या बरणीमागे सापडली. मी इतकी तापले होते की आईला म्हटलं, मी विमानात सुपाऱ्या घेऊन जाणार नाही, काय करायचं ते कर. आईने पुरचुंडी मुठीत घेतली. तिने एक जुन्या लुगड्यांची गोधडी मात्र माझ्या वळकटीत बळेच कोंबली. आफ्रिकेत गोधडी कशाला, म्हणून मी टांग्यात बसेपर्यंत कुरकुरत होते. निरोप नीट घ्यायचा राहूनच गेला.

आमच्या गावच्या लालबाग स्टेशनवर पेटी गाडीत चढवताना मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. आत काहीतरी खुळखुळत होतं. मला वाटलं, आतली पट्टी निखळली, घरापासून स्टेशनापर्यंतच मोडली. भुसावळ गेलं, नाशिक गेलं, प्रत्येक धक्क्याला खुळखुळ. मी महाराजांना म्हटलं, पोरगी नेऊन तुमचं पोट भरलं नव्हतं का. ते आठवलं की अजून लाज वाटते, पण म्हटलं होतं.

मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या दिवशी दुपारी कस्टमच्या टेबलावर पेटी उघडली. तिथल्या साहेबाने केळीचा पाला बघितला आणि माझ्याकडे बघितलं. झाडाचं काही परदेशी जायचं नाही म्हणून तो सगळा पाला त्याने काढायला लावला. पोतंभर पाला जमिनीवर आणि माझी गिटार लांबलचक पेटीत उघडी. मग त्याने ती उचलून हलवली. “इसमें क्या है?” मी म्हटलं, मलाही माहीत नाही, आतलं लाकूड निखळलं असेल. हे उत्तर त्याला अजिबात आवडलं नाही. त्या काळी लोक कशाकशात सोनं दडवायचे. तारांच्या आड हात आत जाईना. “तार खोलो.” मी विनवण्या केल्या. त्या माझ्या भावाने लावल्या आहेत, त्याची मुलगी गेली आहे, मी भर विमानतळावर रडत होते आणि रडताना स्वतःचाच राग येत होता. त्याने ऐकलं नाही.

सामान वाहणाऱ्यांत गोव्याकडचा एक वयस्क माणूस होता. साहेबाने त्याला हाक मारली. त्याने गिटार अशी घेतली की मला कळलं, याच्या घरात ही वस्तू आहे. एकेक खुंटी हळूहळू मागे फिरवली. सहाही तारा लोंबायला लागल्या. मग हात आत घालून त्याने टेबलावर काढून ठेवलं. एक सुपारी, एक हळकुंड, थोडे तांदूळ आणि सुटलेलं फडकं. मी मनातल्या मनात आईला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. टांगा दारात उभा असताना, माझी पाठ वळल्यावर, पेटीचं झाकण उचलून, पाला सारून, तिने ते गिटारच्या भोकातून आत सोडलं होतं.

साहेबाने शिक्का मारला. मी त्या माणसाला म्हटलं, आता होत्या तशा तारा चढवून द्या. त्याने मान हलवली. “नको बाय. वर खूप थंडी. लाकूड आकसतं आन् तार वढते. वाद्याची मान मोडते मग. माझी एक तशीच गेली, बोटीवर. तू ही अशीच सैल ने.” मग त्याने पेटीकडे बघितलं. मानेच्या बाजूला वीतभर रिकामी जागा. “हितं घालायला काय हाय?” माझ्याकडे गोधडी होती. त्याने ती मानेखाली, मानेवर, खुंट्यांभोवती नीट दुमडून बसवली. उरलेल्या जागेत माझी दोन लुगडी गेली. सुपारी आणि हळकुंड त्याने फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी त्याचे आभार मानले की नाही, आठवत नाही. नाव तर नक्कीच विचारलं नाही.

नैरोबीला सामान आलं तेव्हा पेटीची मानेकडची बाजू आत दबलेली होती. वर कुणाची तरी जड ट्रंक पडली असणार. सागाची फळी मधोमध फुटून तिचं टोक गोधडीत घुसलं होतं. सुमनने माझ्याकडे बघितलं आणि हातातल्या रुमालाचा बोळा केला. पेटी तिथे उघडायचं तिचं धाडस झालं नाही, माझंही नाही.

घरी बाळने स्वतः झाकण काढलं. तो इतका वाळला होता की मी आधी त्याच्याकडे बघितलंच नाही, पेटीकडे बघत राहिले. त्याने गोधडी बाजूला केली. गिटार अख्खी होती. एक ओरखडासुद्धा नव्हता. त्याने ती मांडीवर आडवी घेतली आणि लोंबणाऱ्या तारांवर बोट ठेवून बसून राहिला. मला वाटलं, आता हा उठून जाईल. आणि मग माझा तोल गेला. तीन दिवसांचा सगळा राग मी त्या बिचाऱ्यावर काढला. मी म्हटलं, बघतोस काय, मी नाही उतरवल्या, आईने सुपारी घातली आत, तिचं ते प्रस्थान, तो केळीचा पाला, तो साहेब मला चोर समजला, मी चारचौघांत रडले, आणि हे घे, हे तुझं हळकुंड! असं म्हणून मी ती पुरचुंडी त्याच्यासमोर आदळली. सुमन मला गप्प करायला बघत होती. मी गप्प बसेना.

बाळने सुपारी उचलून बघितली. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, “प्रस्थान कुणाकडे ठेवलं होतं?”

मी भानावर न येताच म्हटलं, “मुळेकाकूंकडे.”

“त्यांच्याकडे कशाला? त्या विसरतात.”

सुमन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काय झालं. बाळही रडत होता, पण त्याचा हात खुंटीवर गेला होता. तारा पार उतरल्या होत्या. कुठून सुरुवात करावी ते त्याला सापडेना. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, जरा सा दे.” माझा आवाज म्हणजे वर्गावर ओरडून ओरडून झालेला, पण मी सा धरला. दोन तास तो एकेक तार वर आणत होता. एक तुटली. पाचांवर भागवू म्हणाला. मधे मधे मुलीचं नाव घेत होता, तिचं बोलत होता, रडत होता, आणि पुन्हा खुंटी पिळत होता.

मी याला चमत्कार म्हणत नाही. साहेबाने संशय घेतला ते त्याचं कामच होतं, आणि गोव्याच्या माणसाला गिटार कळत होती यात नवल काही नाही. पण मी जे जे अक्कल चालवून केलं होतं ते सगळं त्या टेबलावर काढून टाकलं गेलं, आणि ज्या सुपारीवरून आणि गोधडीवरून मी आईशी भांडले होते त्याच वाटेत उपयोगी पडल्या. सगळं मी बांधलं होतं तसंच राहिलं असतं तर मी ताणलेल्या तारांची गिटार केळीच्या पाल्यात मोडून नेली असती. आईसुद्धा तारांच्या बाबतीत चुकलीच होती, पण तिने सुपारी सोडली आणि बाकी महाराजांवर टाकून घरात गेली. मला ते टाकणं जमत नाही. अजूनही शिकतेच आहे. ती पोर का गेली याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही, आणि आता मी ते दरडावून विचारत नाही.

परत आल्यावर सगळं ऐकून आईने एवढंच विचारलं, “सुपारी कुठंय मग?” मी कपाळावर हात मारला. बाळने ती पुन्हा गिटारच्या पोटात सोडली होती आणि काढायला तयार नव्हता. पुढे तो कायमचा परत आला तेव्हाही ती आतच होती. दर गुरुवारी आरतीच्या मधे, त्याचा हात जरा जोरात पडला की ती खुळखुळते. नवीन लोक वळून बघतात. वर्गात पेन्सिल पडली तरी खपवून न घेणारी मी, त्या आवाजाची वाट बघत मागच्या भिंतीला टेकून बसते.