रिकामी तिसरी पेटी

कोजागरी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी नेहमीसारखा संत्र्याच्या बागेतल्या सहा पेट्यांकडे गेलो, तर तिसऱ्या पेटीच्या तोंडाशी एकही मधमाशी नाही. कान लावला. माशांची पेटी कधी गप्प नसते, आत कोणीतरी सारखं दळण दळत असल्यासारखा आवाज असतो. त्या दिवशी जातं थांबलं होतं. झाकण काढलं. पोळी जागच्या जागी लटकलेली, आणि माशी औषधालाही नाही.

मी एक पोळं उचलून हातात घेतलं.

ही गोष्ट माझ्या इथल्या पहिल्या वर्षाची. मी साताऱ्याकडच्या डोंगरातला. आठवीत शाळा सोडली आणि काकाच्या मधपेट्या सांभाळायला लागलो. कळमेश्वरजवळच्या या बागेच्या मालकांना बहरात फुलांवर माशा हव्या होत्या, म्हणून इतक्या लांब आलो. पारशिवनीकडच्या रानात झाडांच्या ढोलीतून सहा वसाहती मी माझ्या हाताने धरून आणल्या होत्या. मालकांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. श्रावणात मला ताप भरला तेव्हा भाऊंनी मला शहरात, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं, सहा दिवस घरचा डबा पोचवला. सख्ख्याने केलं नसतं इतकं केलं. आणि आता त्यांची सगळ्यात जोरदार पेटी रिकामी पडली होती.

निंदणाला आलेली मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. बागेत मला सगळे पहाडी म्हणायचे.

"काहून रे पहाडी, तू शाळेतून पळाला, तुह्या माशा पेटीतून पळाल्या. गुण लागला ना!"

बाकीच्या बायांचं हसणं ऐकून भाऊ आले. आत डोकावले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"फवारणी! पलीकडच्या शेजाऱ्यानं काल कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध मारलं. मी आत्ताच जाऊन राहिलो त्याच्याकडे." ते बांधाकडे मोटारसायकल काढायला गेले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं. दोष शेजाऱ्यावर गेला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं.

पण हातात पोळं होतं आणि नजर त्यावरून हलेना. शाळेत मला कधी धडा नीट वाचता आला नाही, पोळं मात्र वाचता येतं. विषाने मेल्या असत्या तर पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा सडा पडला असता. गांधीलमाशांनी हल्ला केला असता तर पंख आणि मेणाचा चुरा दिसला असता. रोग असता तर आंबूस वास सुटला असता. इथे काही नव्हतं. घरं झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ. मधाचा थेंब नाही, अंडं नाही, अळी नाही. अंड्याची माशी व्हायला तीन आठवडे लागतात. म्हणजे राणीने निदान तीन आठवड्यांपूर्वीच अंडी घालणं थांबवलं होतं. शेवटचं पिल्लू उडायला लागेपर्यंत माशांनी वाट पाहिली, उरलासुरला मध खाल्ला आणि निघून गेल्या. हे ठरवून सोडलेलं घर होतं.

मी बोटांवर दिवस मोजत मागे गेलो आणि घटस्थापनेशी येऊन थांबलो.

आमच्याकडे नवा मध पहिल्यांदा घटापुढे ठेवतात. पाऊस ओसरला की आमचे डोंगर फुलांनी भरतात, त्या दिवसांत कितीही मध काढा, माशा आठवड्यात भरून काढतात. मी इथेही तेच केलं होतं. सगळ्या पेट्यांचा काढला, तिसरीचा तर वरचा मजला पूर्ण रिकामा केला. इथे त्या दिवसांत बागेला फूल नसतं, वर आश्विनाचं ऊन भाजत असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माशा इथल्या होत्या. परका मी होतो.

भाऊंनी मोटारसायकल सुरू केली होती, मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, थांबा. विष नाही. माशा उपासमारीनं गेल्या. त्यांचं खाणं मी काढलं."

"कोणतं खाणं?"

"घटापुढचा मध. तुम्हाला वाटीभर दिला तो."

त्यांनी गाडी बंद केली.

"आता मले सांगून राहिला? तो मध मीही बोटं चाटून खाल्ला ना बे!" मग पेट्यांकडे बघून म्हणाले, "बाकीच्या पाच?"

"त्यांचाही काढलाय. थोडा ठेवला होता."

"हे पाह्य. पाच राहिल्या, त तू राह्य. गेल्या, त तुले ठेवून मी काय करू?"

त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांच्याकडेच साखर मागितली आणि त्यांनी ती निमूट दिली. रोज सूर्य कलला की साखरेचा पाक करून पाचही पेट्यांत ठेवायचा, दुपारी वर ओलं बारदान टाकायचं. दिवसातून दहा वेळा मी पेटीच्या तोंडाशी बसायचो. माशी पायांना परागाचे गोळे लावून आली, तर समजावं आत पिल्लं आहेत. रिकाम्या पायांनी आली, तर जायची तयारी. माशा रिकाम्या पायांनीच यायच्या. भाऊबीजेला बहिणीचा फोन आला, "कधी येतोस?" मी म्हटलं, "बघू, कदाचित लवकरच." आणि पुन्हा पेटीच्या तोंडाशी जाऊन बसलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, बांधावरची तूर फुलायला लागली होती, एक माशी पिवळेजर्द गोळे घेऊन उतरली. मागून दुसरी. मी पेटी उघडली, चौकट उचलली आणि ऊन खांद्यावरून आत पडेल अशी तिरकी धरली. प्रत्येक घराच्या तळाशी एकेक पांढरं अंडं, सुईच्या टोकाएवढं, उभं.

मी ओरडलो, "भाऊ!"

ते पळत आले. मागोमाग मावशी. भाऊंना आधी दिसेचना. मी चौकट जरा फिरवली.

"हे? इतकंसं?"

"अंडी असली की माशा सहसा घर सोडत नाहीत, भाऊ."

"बाकीच्यायतही?"

"बघतो. पण पराग पाचही पेट्यांत जातोय."

मावशी वाकली, डोळे बारीक करून तिने पुष्कळ वेळ पाहिलं. या खेपेला टोमणा आला नाही. उलट बांधावरच्या बायांना हाक मारली, "इकडं या वं, पहाडी दाखवून राहिला!"

चारजणी धावल्या. भाऊही पुन्हा मान पुढे घालत होते. पण अंड्यांना ऊन फार वेळ सोसत नाही.

"बस्स," मी म्हणालो. "मागं व्हा सगळे. आता झाकतो."

बागेत कोणाचं न ऐकणारे भाऊ मुकाट्याने दोन पावलं मागे सरले.