घडी मोडायची साडी

मुलगी स्पेनला नोकरीला गेली. व्हिडिओ कॉल लावला की तिची घरमालकीण मध्येच डोकावून काहीबाही विचारायची आणि मी मान डोलवायचे. आपण कशाकशाला होकार देतोय ते कळावं, म्हणून साठीला टेकल्यावर बारामतीत बसून मोबाइलवर स्पॅनिशचा क्लास लावला.

एके दिवशी 'एस्त्रेनार' हे क्रियापद आलं. नवी वस्तू पहिल्यांदा वापरायला काढणे. बूट असोत, घर असो, गाडी असो, क्रियापद तेच. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, आपल्याकडे असा शब्द नसणार. मी म्हटलं, निदान साडीपुरता तरी आहे. आम्ही घडी मोडतो. तीही बऱ्याचदा स्वतः मोडत नाही; जिच्यावर जीव असतो तिला आधी नेसायला देतो.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "मग सांगा, अलीकडे तुम्ही काय एस्त्रेनार केलंत?"

शब्द येत होते, सांगण्यासारखं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक साडीची घडी थोरल्या जाऊबाईंनी मोडली होती आणि त्यांच्या साडीची मी. त्या इंदापूरकडं वरकुट्याला राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या हळदीला त्यांनी मला हळद लावायला हाक मारली नाही. मी जेवले आणि रागानं निघून आले. तेव्हापासून बोलणं बंद. तेव्हापासून घेतलेल्या साड्याही कपाटात जशाच्या तशा. राग खरा होता, आणि मला त्यांची फार आठवण येत होती हेही खरं.

दुसऱ्या दिवशी एक साडी पिशवीत घालून एसटीनं वरकुटे गाठलं. जाऊबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, "अक्का, घडी मोडायची आहे."

त्यांनी साडीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. "दुकानात उरलेला रंग तुलाच बरा घावतो," म्हणाल्या, आणि आत जाऊन नेसून आल्या. तशाच चुलीपुढं बसून भाकरी थापल्या, मला वाढलं. पदराला पीठ लागत होतं. हळदीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

निघायची वेळ झाली तरी त्या साडी सोडेनात. शेवटी मीच विचारलं.

"अशी पिठाची कशी देऊ? धुऊन ठेवते," त्या म्हणाल्या. "आयतवारी न्यायला ये."

माझ्या घरी वॉशिंग मशीन आहे. मी म्हटलं, "येते."