धाकटीच्या मापाचा टोप

अक्का नाटकांसाठी केसांचे टोप करायची, आणि तेही साधेसुधे नव्हेत. अठराव्या शतकात युरोपातल्या दरबारी बायका डोक्यावर हातभर उंच केस रचून मिरवायच्या, तसले. माणसाला हौस असावी, पण दारातून जाताना गुडघ्यात वाकावं लागेल इतकी? अक्काचा मात्र त्यातच जीव. तारेचा सांगाडा, वर जाळी, जाळीत गाठी मारून अडकवलेले घोड्याच्या शेपटीचे केस, पोटात जुन्या गादीचा कापूस. एका शेगडीवर चहा, दुसरीवर कांड्यांना गुंडाळलेल्या बटा उकळत. चहात केस निघाला तर घरात कुणी तक्रार करत नसे.

घरात होतीच कोण? अक्का आणि तिची धाकटी बहीण. लहानपणी एका पुस्तकातलं चित्र बघून अक्का तिच्या डोक्यावर सुतळीचे मनोरे रचायची. पुढे खरे टोपही तिच्याच डोक्यावर बेतले जात. धाकटी ताठ बसून कुरकुरायची, "अक्के, मान मोडली गं."

"राणी व्हायचंय ना? मग सोस."

तिला घरकामासाठी तरी मोकळीक मिळावी म्हणून शेवटी सुताराकडून लाकडी डोकं करून घेतलं. धाकटीच्याच मापाचं, उजव्या कानामागचा खळगासुद्धा कोरलेला. टोप केसांत अडकवायचा आकडा तिथे नेमका बसायचा.

मग तापाचं निमित्त झालं आणि धाकटी गेली. अक्का लगेच कामाला लागली. लोक म्हणाले, सावरली. लोकांचं काय जातंय म्हणायला.

नव्या नाटकातल्या राणीचा टोप अक्काने जीव ओतून केला, वर पक्ष्याचा पिंजरासुद्धा. पण नटीच्या डोक्यावर तो बसेना. अक्काने उसवून पुन्हा शिवला, तरी तेच. व्यवस्थापकाने बजावलं, "उद्या बसला नाही तर भाड्याचा आणू. आणि पुढचेही तिथूनच."

नाटकाचे कपडे शिवणारे शिंपीकाका हळूच म्हणाले, "अक्का, हात चुकत नाहीये तुमचा. ते लाकडी डोकं या नटीच्या डोक्यापेक्षा लहान आहे. त्यावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळा, की झालं."

अक्काला हे कळत नव्हतं थोडंच. पण पट्ट्या गुंडाळल्या की धाकटी बुजणार होती. तिचा आवाज आताशा नीट आठवत नव्हता. माप तेवढं हातात उरलं होतं. तरी टोप हातचे गेले तर उरलं काय, म्हणून अक्काने गुंडाळल्या. खळग्यावरून पट्टी नेताना तिने तोंड फिरवलं.

रातोरात उसवून पुन्हा शिवलेला टोप दुसऱ्या दिवशी बसला, अगदी फिट्ट. नटी आरशापुढे ताठ बसून म्हणाली, "मावशी, मान मोडली हो."

"राणी व्हायचंय ना? मग सोस," अक्का सवयीने बोलून गेली. तोंडातला आकडा काढून तिने नटीच्या उजव्या कानामागे नेला आणि बोटाने खळगा चाचपला. तिथे सपाट हाड होतं.

अक्का खुर्चीच्या पाठीला धरून हुंदके देऊन रडली. नटी बिचारी "काय झालं मावशी, काय झालं," एवढंच म्हणत राहिली. तेवढा उंच टोप डोक्यावर घेऊन तिला मागे वळताही येईना.