आतून कडी लावता आली

मागच्या महिन्यात शीतल रजेवर गेली आणि माझ्या डोक्यात नोकरी सोडायचा विचार सुरू झाला.

ऐकायला विचित्र वाटेल... शीतल माझी बॉस नाही, जुनी मैत्रीणही नाही. तळवड्याच्या आमच्या ऑफिसात ती दोन टेबलं सोडून बसते. मूळची लातूरची, कामापुरतंच बोलणारी. पण मी वॉशरूमला निघाले की ती न सांगता उठायची आणि माझ्या मागे यायची.

मी व्हीलचेअर वापरते. अपघातानंतर बरीच वर्षं घरीच होते, त्यानंतर ही नोकरी मिळाली... गाड्यांच्या पार्टची ड्रॉइंग तपासायची. दोन पार्टमध्ये पुरेशी जागा सुटली आहे का, एक फिरताना दुसऱ्याला घासत तर नाही ना, हेच दिवसभर बघायचं. काम मनापासून आवडतं.

ऑफिसात माझ्यासारख्यांसाठी वेगळं वॉशरूम आहे. दारावर निळी पाटी, भिंतीला स्टीलचे दांडे, उंच कमोड. बघणाऱ्याला वाटेल, काय छान सोय आहे...

पण दार आत उघडायचं. मी आत गेले की ते माझ्या मागच्या चाकाला अडायचं. पुढे सरकावं तर पाय कमोडला टेकायचे, बाजूला वळावं तर तिथे बेसिन, आणि उरलेल्या जागेत कचऱ्याचा डबा अन् फरशी पुसायची बादली. दार काही लागायचं नाही. म्हणून शीतल बाहेर दाराकडे पाठ करून, मोबाईल बघत उभी राहायची. या विषयावर आम्ही कधी बोललोच नाही.

तिच्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि ती गावी गेली.

मी पाणी प्यायचं बंद केलं. सकाळचा चहा बंद, डब्यातलं ताक बंद. संध्याकाळी घरी पिंपळे सौदागरला पोचेपर्यंत डोकं ठणकत असायचं. आठवडाभरात ताप आला. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आहे, भरपूर पाणी प्या...

आई म्हणाली, "सोड ती नोकरी. घरबसल्या मिळेल काहीतरी." मी नाही म्हटलं नाही. सरांसमोर जाऊन काय सांगणार होते... की सर, बाथरूमचं दार लागत नाही?

त्या रविवारी शीतलचा फोन आला. बाळाबद्दल काहीतरी सांगेल असं वाटलं होतं.

"ताई, मी नाही तिथं, तर काय करायलाव तुम्ही?" तिने थेट विचारलं.

मी म्हटलं, चाललंय.

"चाललं नाही. तुमचा आवाजच सांगतोय. बिल्डिंगचं सगळं बघणारे ते गायकवाड काका आहेत ना, त्यांना सांगा. तुम्हाला जमत नसंल तर मी फोन करते."

तिने फोन करण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, असं वाटलं. सोमवारी गायकवाड काकांना गाठलं. काका तळवड्याचेच, जुन्या घरातले. खाली मान घालून मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पाणी पीत नाही, हेसुद्धा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, ते बाथरूम मीच पास केलं व्हतं. सामान सगळं बसवलंय का, तेवढंच बगितलं. खुर्ची आत घालून दार लागतंय का... ते न्हाई बगितलं."

मग त्यांनी मला ऑफिसच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि माझी व्हीलचेअर मागितली. स्वतः तिच्यात बसून आत गेले. आतून आपटल्याचे, बादली घसरल्याचे आवाज येत राहिले. घाम पुसत उलटे बाहेर आले.

"दार भायेर उगडाया पायजे," एवढंच म्हणाले.

पण बाहेर दाराला लागूनच पाण्याचा कूलर होता. तो हलवून जिन्यापलीकडे नेला, तेव्हा पाण्यासाठी लांब जावं लागतं म्हणून दोनचार जण कुरकुरले. त्यांना कारण कळलं तसं सगळे गप्प झाले. मला मात्र त्या दिवशी कुठे तोंड लपवावं असं झालं होतं...

शनिवारी सुट्टीच्या दिवशी सुतार आला. दाराच्या बिजागऱ्या फिरवल्या, बसून ओढता येईल असा आडवा दांडा दाराला आतून लावला, कडी खाली घेतली. जुन्या बेसिनच्या जागी कोपऱ्यात छोटं बेसिन आलं. डबा आणि बादली कायमची बाहेर गेली.

सोमवारी मी एकटी गेले. खुर्ची आत सहज वळली. दांडा ओढला, दार आलं, कडी लागली.

बाहेरून कोणीतरी बोलत गेलं, कोणाचा तरी फोन वाजला... आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. मी गरजेपेक्षा जास्त वेळ आत बसून राहिले. खांदे इतके दिवस किती ताठ धरले होते, ते सैल पडल्यावर कळलं.

मी काकांना थँक्यू म्हटलं, तर ते म्हणाले, "आदीच सांगायचं ना, ताई." त्यांचं बरोबर होतं.

या आठवड्यात शीतल परत आली. दुपारी मी निघाले, तर सवयीने ती मागे उठलीच. मी म्हटलं, "शीतल, आता यायची गरज नाही. दार लागतं."

तिने हातातला मोबाईल टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मग या जाऊन, मी थांबते. नंतर चहाला जाऊ. आजपर्यंत आपण दोघी नुसतं बाथरूमलाच सोबत गेलाव."

कँटीनमध्ये आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर बसलो. तिच्या बहिणीला मुलगी झालीय. नाव अजून ठरलेलं नाही... मी दोन सुचवली आहेत, तिला एकही आवडलेलं नाही.