गणपतीच्या मागे लपवलेले दोघे

पद्मा चित्राव क्वेकर्स हिलला राहते, ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि शेहेचाळिसाव्या वर्षी तीन जपानी गायक पोरांवर एकदम जीव टाकते. हसू नका! इतकी वर्षं सिडनीत काढून तिला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या त्या याच नादापायी. आणि गोमही तिथेच होती.

त्याचं असं आहे, तिकडचे चाहते आपल्या लाडक्याला ‘ओशी’ म्हणतात. काहीजण दोन-तीन ओशी एकदम सांभाळतात, त्याला म्हणायचं ‘काकेमोची’. त्यात पाप काही नाही. पण पद्माच्या ग्रुपची म्होरकी श्रिया, युनिव्हर्सिटीत शिकणारी पोर, भलतीच कडक. "आंटी, ओशी एकच. दुसरा सापडला की ग्रुपमधून आउट." ग्रुप पिवळ्या शर्टाच्या हारुतोचा; तो तेवढा खरा, बाकी सगळे झूठ. पद्माने मान डोलावली आणि निळ्या रेनचं, तांबड्या कोताचं नावच काढलं नाही. बाईला खोटं बोलायची हौस नव्हती हो! पण ग्रुप गेला तर शनिवारी दुपारी बोलायला माणूस कोण? नवरा? तो क्रिकेट लागलं की मुका.

अशात हारुतोचा वाढदिवस पद्माच्या घरी करायचं ठरलं. उत्सवमूर्ती जपानात, केक इथे आणि कापणार ह्या. हॉलमध्ये पिवळे फुगे लागले, मधोमध हारुतोचं वीतभर अ‍ॅक्रिलिकचं कटआउट उभं राहिलं. राहिली रेन आणि कोताची कटआउट. कपाटात ठेवावीत तर श्रियाला उचापती फार. म्हणून आदल्या संध्याकाळी पद्माने ती देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे सारली आणि दार लावून घेतलं. पुण्याहून आलेल्या सासूबाई रोज सकाळी तिथे पूजा करतात, हे गडबडीत डोक्यातून साफ गेलं.

पोरी आल्या. केकवर सुरी टेकणार इतक्यात श्रिया म्हणाली, "वेट, आधी देवाला नमस्कार. कुणाकडे गेलं की आधी देव, असं मॉम सांगते."

"अगं, केक वितळेल!" पद्मा ओरडली. पण श्रियाने दार उघडलंसुद्धा.

गणपतीच्या शेजारी, चांगले पुढे आणून बसवलेले रेन आणि कोता. कपाळाला गंध, डोक्यावर फूल, पुढ्यात साखरेची वाटी.

"नवीन दिसले, म्हणून पुढे घेतले," सुनेत्राबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "मागे कशाला कोंबलंस गं त्यांना? कुठले देव म्हणायचे हे?"

पद्माला रडूच फुटायचं बाकी होतं. "आई, देव नाहीत ते. माझे ओशी आहेत, दोघंही. श्रिया, मी खोटं बोलले. काढ मला ग्रुपमधून."

"काढायचं काय त्यात?" सुनेत्राबाई भडकल्या. "सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. जन्मभर करतेय. एक देव रुसला नाही आजवर, आणि ह्या पोरांना एवढा कसला माज?"

श्रियाने कोताच्या कपाळावरचं गंध पाहिलं. मग तिने बॅगेच्या तळातून एक मोजा काढला आणि मोज्यातून हिरव्या शर्टातल्या चौथ्याच पोराचं कटआउट.

"आजी," तिचा आवाज एवढासा झाला होता, "बुधवार रिकामा आहे का?"

"बुधवारी तसा विठोबा असतो," म्हणत सुनेत्राबाईंनी गंधात बोट बुडवलं. "पण तो सरकून घेईल. आण इकडे त्याला, आणि आधी तोंड पूस त्याचं."