पहिला पांढरा एप्रन

बाबा गेले त्या सकाळी त्यांच्या फ्रीमेसन लॉजमधले, म्हणजे त्या गुप्त मंडळातले, दोघे आले. तिथे सगळे एकमेकांना बंधू म्हणतात. मी कपाटातून विधीला बांधायचा सोनेरी काठाचा एप्रन काढला, बाबांच्या मंडळातल्या सर्वांत वरच्या पदवीचा.

"हा नको," त्यातले म्हातारे म्हणाले. "पहिल्या दिवशी मिळालेला पांढरा द्या. सोबत तोच जातो."

तीस वर्षं माणूस एकेक पदवी चढतो, तिची गुपितं घरातसुद्धा जपतो आणि निघतो पहिल्याच पायरीवरून.

पांढरा एप्रन मिक्सरखाली अंथरलेला सापडला, हळदीच्या डागासकट.

"हा एवढा मोलाचा आहे, हे ह्यांनी कधी सांगितलंच नाही हो," आई म्हणाली आणि तिनेच तो बाबांच्या कमरेला बांधला. गाठ स्वयंपाकघरातली होती. दोन्ही बंधूंनी ती तशीच राहू दिली.